कोरियन शाबासकी

दोस्तांनो, परवाची गोष्ट. आमच्या नाहूरच्या सोसायटीत लिफ्टचं दार उघडलं आणि आत उभी असलेली सातवीतली मुलगी एकदम कमरेत वाकून म्हणाली, ‘‘आन्यॉंगहासेयो!’’

मी दचकलोच. मग कळलं, हा कोरियन नमस्कार. मोबाइलवर कोरियन मालिका पाहून पाहून तिनं तो पाठ केला होता.

‘‘अरे वा!’’ मी म्हटलं. ‘‘मग आता सांग, कोरियन भाषेत शाबास कसं म्हणतात?’’

ती अडखळली. थोडा विचार करून म्हणाली, ‘‘काका, मालिकेत कुणी कुणाला शाबास म्हणतच नाही. साहेब नुसते ओरडत असतात!’’

मला हसू आलं, पण प्रश्न डोक्यात राहिला. कोरियन साहेब खरंच कुणाला शाबास म्हणत नाहीत? आणि समजा, त्यांच्या हाताखाली काम करणारा माणूस परदेशी असला, तोही शिक्षक असला, तर आपलं काम साहेबांना आवडलंय हे त्या बिचाऱ्याला कळायचं कसं?

समजा, तुमच्या बाई गेल्या तर?

आपण एक गंमत करू. समजा, तुमच्या शाळेतल्या इंग्रजीच्या बाई दक्षिण कोरियात शिकवायला गेल्या. ही अगदीच हवेतली कल्पना नाही बरं का! पूर्वी इंग्रजी शिकवण्याचा कोरियन व्हिसा सातच देशांच्या लोकांना मिळायचा: अमेरिका, कॅनडा, ब्रिटन, आयर्लंड, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड आणि दक्षिण आफ्रिका. मग भारत आणि कोरिया यांच्यात २००९ साली व्यापाराचा मोठा करार झाला आणि १ जानेवारी २०१० पासून तो लागू झाला. आयात-निर्यातीच्या त्या जाडजूड करारात एक छोटीशी खिडकीही होती. इंग्रजीची पदवी आणि शिक्षकाचं प्रमाणपत्र असलेल्या भारतीयांना तिथल्या शाळांत सहायक शिक्षक होण्याची वाट त्यातून मोकळी झाली.

तर बाई पोचल्या. कोरियातलं शाळेचं वर्ष आपल्यासारखं जूनमध्ये सुरू होत नाही, ते मार्चमध्ये सुरू होतं. दारातच बूट काढून सपाता घालायच्या. मुख्याध्यापक समोर आले की वाकून नमस्कार. काही द्यायचं-घ्यायचं असेल तर दोन्ही हातांनी, आपण प्रसाद घेतो तसं. वर्गात बाई एकट्या नसतात. एक कोरियन शिक्षक बरोबर असतो आणि दोघं मिळून तास घेतात.

पहिल्याच दिवशी बाईंनी लाजत लाजत ‘आन्यॉंगहासेयो’ म्हटलं आणि काय सांगू, सगळीकडून कौतुकाचा पाऊस! ‘हांगुंमाल चाल हाशिनेयो!’ म्हणजे, ‘तुम्ही कोरियन किती छान बोलता!’ अहो, एकच तर शब्द बोलल्या होत्या बाई! जेवायला बसल्या, काड्यांनी भाताचा एक घास कसाबसा उचलला, तर पुन्हा वाहवा. कोरियात राहून आलेले बरेच परदेशी लोक हा अनुभव हसत हसत सांगतात.

बाई खूश झाल्या असतील, नाही? पहिल्या आठवड्यात झाल्याही असतील. पण पुढच्या आठवड्यात कुणीतरी म्हणालं, ‘‘तुमचं इंग्रजी किती चांगलं आहे!’’ आणि बाईंचा चेहरा पडला. कारण इंग्रजी तर त्यांचं कामच! सुताराला कुणी म्हणालं, ‘अरे वा, तुम्हाला करवत धरता येते!’ तर त्याला कसं वाटेल? म्हणणाऱ्याच्या मनात वाईट काही नसतं. पण त्या कौतुकात ‘तुम्ही बाहेरच्या’ हे दोन शब्द लपलेले असतात.

हे असतं पाहुण्याचं कौतुक. ते स्वस्त असतं, भरभरून मिळतं आणि कामाशी त्याचा फारसा संबंध नसतो.

मग खरं कौतुक कुठं असतं?

महिने जातात. आता कुणी ‘काड्या छान धरता’ म्हणत नाही. मुख्याध्यापक तासाला येतात, मागं बसतात, वहीत काहीतरी लिहितात आणि मान हलवून निघून जातात. बाईंना वाटतं, संपलं! आपलं काहीतरी चुकलंच.

पण संध्याकाळी घरी निघताना तेच मुख्याध्यापक म्हणतात, ‘सुगो हाश्योस्सुम्निदा.’ शब्दशः अर्थ, ‘तुम्ही कष्ट घेतलेत.’ दिवसभराचं काम संपलं की कोरियात हे शब्द सगळीकडे ऐकू येतात, कचेरीत, शाळेत, दुकानात. आपल्या कानाला त्यात शाबासकी जाणवत नाही. पण नीट ऐका. ‘तुम्ही हुशार आहात’ असं ते म्हणत नाहीत. ‘तुम्ही घेतलेले कष्ट मी पाहिले’ असं म्हणतात. आता सांगा, यातलं मोठं कौतुक कोणतं?

या शब्दांचा एक कायदाही आहे. जुन्या वळणाच्या लोकांच्या मते ‘सुगो’ वरच्यानं खालच्याला म्हणावं. धाकट्यानं थोरल्याला म्हटलं तर ते आगाऊपणाचं होतं. हसू नका, आपल्याकडेही तसंच आहे! सर तुमच्या पाठीवर थाप मारून ‘शाबास’ म्हणतात. तुम्ही उद्या मुख्याध्यापकांच्या पाठीवर थाप मारून ‘शाबास सर!’ म्हणून बघा. (नको, बघू नका!) आणि गंमत म्हणजे हा आपला लाडका ‘शाबास’ मूळचा मराठी नाहीच. तो आला फारसीतून. ‘शाद बाश’ म्हणजे ‘आनंदी राहा’. म्हणजे आपला शाबासही एके काळी पाहुणाच होता. आता तो इतका घरचा झालाय की तो बाहेरून आलाय हे कुणाच्या ध्यानीमनीही नसतं.

कोरियात खरं कौतुक आणखीही वाटांनी येतं. शिक्षकांचं ‘ह्वेसिक’ म्हणजे सगळ्यांनी मिळून बाहेर जेवणं. त्यात बाईंना आग्रहानं बोलावणं येतं. अवघड वर्ग बाईंच्या हाती सोपवला जातो. आणि सगळ्यात मोठी शाबासकी वर्ष संपता संपता मिळते. परदेशी शिक्षकांचे करार बहुधा एका वर्षाचे असतात. मुख्याध्यापक विचारतात, ‘‘पुढच्या वर्षी राहाल ना?’’ एवढंच वाक्य. पण त्यात वर्षभराची सगळी शाबासकी आली!

म्हणजे बघा, ज्या दिवशी ‘काड्या छान धरता’ हे थांबलं, त्या दिवशी बाई रुसल्या होत्या. पण त्याच दिवसापासून त्या पाहुण्या उरल्या नव्हत्या. त्या शाळेतल्याच एक झाल्या होत्या.

वर्ध्याचे मास्तर, मेक्सिकोत

तुम्ही म्हणाल, ‘‘काका, ह्या झाल्या समजा-बाई. खराखुरा मराठी मास्तर सांगा, ज्याला परक्या देशानं अशी शाबासकी दिली.’’ सांगतो. त्यासाठी मात्र कोरियातून उठून पॅसिफिक महासागर ओलांडायला हवा.

पांडुरंग सदाशिव खानखोजे वर्ध्याचे. इंग्रजांविरुद्ध लढण्याच्या ध्यासानं तरुणपणीच देशाबाहेर पडले. अमेरिकेत शेतीशास्त्र शिकले आणि गदर चळवळीत उतरले. पुढं १९२० च्या दशकात ते मेक्सिकोत पोचले आणि तिथल्या चापिंगो गावच्या राष्ट्रीय कृषी विद्यालयात शिकवू लागले. भाषा परकी, माणसं परकी. पण मका आणि गहू यांना काही कुणी परकं नसतं! त्यांनी या पिकांवर संशोधन केलं आणि गरीब शेतकऱ्यांसाठी मोफत शेतीशाळा उभ्या केल्या.

मग मेक्सिकोनं त्यांना शाबास कसं म्हटलं? दिएगो रिव्हेरा हा तिथला जगप्रसिद्ध चित्रकार. मेक्सिको शहरातल्या शिक्षण मंत्रालयाच्या भिंतींवर त्यानं भलीमोठी चित्रं रंगवली. त्यातल्या एका चित्रात कष्टकरी माणसं एका टेबलाभोवती जेवायला जमली आहेत आणि त्यांच्यामध्ये बसून भाकरी मोडतायत आपले खानखोजे! बघा, ‘पाहुणे, तुम्ही फार छान हं’ असं नाही म्हटलं. आपल्या पंगतीत बसवलं.

त्यांच्या स्वतःच्या देशाची दारं मात्र इंग्रजांनी त्यांना बंद केली होती. स्वातंत्र्यानंतर ते परतले आणि १९६७ साली नागपुरात त्यांनी डोळे मिटले. २०२२ मध्ये चापिंगोच्या त्याच विद्यापीठात त्यांचा पुतळा बसवला गेला. शाबासकी कधी कधी अशी उशिरा येते. पण खानखोजे तिच्यासाठी थांबून राहिले नव्हते. ते मका पेरत होते.

आता जरा आपल्या घरात डोकावू

दोस्तांनो, आता खरं सांगा. तुम्ही चित्र काढलंत. शेजारच्या काकू म्हणाल्या, ‘‘अय्या, किती सुंदर!’’ आणि आई म्हणाली, ‘‘हं, बरंय. आता तो पसारा आवर.’’ तुम्हाला राग आला. पण रात्री आई मावशीला फोनवर काय सांगत होती, ऐकलंत? आणि ते चित्र फ्रिजच्या दारावर कुणी लावलं?

आपल्याकडे तोंडावर स्तुती करू नये म्हणतात. मूल शेफारेल, दृष्ट लागेल! म्हणून कौतुक मावशीच्या कानात जातं, डब्यातल्या जास्तीच्या लाडवात जातं. ते ओळखायला शिका. काकूंचं कौतुक पाहुण्याचं, आईचं घरच्याचं.

आणि आईबाबांनो, तुमच्यासाठीही एक ओळ. मुख्याध्यापक वहीत काय लिहितात हे परदेशी बाईंना दिसत नाही, तसं तुमच्या मनात काय आहे हे मुलांना दिसत नाही. संध्याकाळी एकदा तरी म्हणा, ‘‘आज तू मेहनत घेतलीस, मी पाहिलं.’’ ‘तू हुशार आहेस’ असंच म्हणायला हवं असं नाही. ‘मी पाहिलं’ एवढं पुरे. त्यानं कुणी शेफारत नाही.

आणि मुलांनो, बाईंना शाबासकी कोण देणार? कोरियात १५ मे हा शिक्षक दिन. ज्यानं कोरियन लिपी घडवली त्या राजा सेजोंगचा हा जन्मदिवस. या दिवशी शिक्षकांना कार्नेशनची फुलं द्यायची जुनी रीत. पण २०१६ साली लाचखोरीविरुद्ध कडक कायदा आला आणि एकेकट्या विद्यार्थ्यानं बाईंना फूल देणंसुद्धा बंद झालं. वर्गाच्या प्रतिनिधीनं सर्वांसमोर दिलं तरच चालतं. मग मुलं काय करतात? हातानं पत्र लिहितात. पत्राला कायद्याची आडकाठी नाही!

आपला शिक्षक दिन ५ सप्टेंबरला. या वेळी पेन नको, फूल नको. एक वाक्य लिहा. पण ‘तुम्ही फार छान शिकवता’ असलं पाहुण्यासारखं नको हं! ‘बाई, त्या दिवशी अपूर्णांक तिसऱ्यांदा समजावलात, तेव्हा मला कळले’ असं लिहा. मग बाईंचा चेहरा बघा.

कोरियन शाबासकीचा खाऊ

* छाम चाल हेस्सॉयो: ‘फारच छान केलंस!’ कोरियन प्राथमिक शाळेत मुलांच्या वहीवर या शब्दांचा शिक्का मारतात.
* सुगो हाश्योस्सुम्निदा: ‘तुम्ही कष्ट घेतलेत.’ काम संपल्यावर म्हणतात.
* सॉनसेंगनिम: शिक्षक. शेवटचा ‘निम’ आदराचा, आपल्या ‘जी’सारखा. ‘गुरूच्या सावलीवरही पाय देऊ नये’ अशी तिथली जुनी म्हण आहे.
* आजिक मॉरॉस्सॉयो: कुणी कौतुक केलं की नम्रपणे द्यायचं उत्तर. अर्थ, ‘अजून बराच पल्ला गाठायचाय!’