विरघळणे आणि कालवणे : मक्याच्या पिष्टाविषयी एक टिपण

बाजारात कॉर्नफ्लोअर या नावाने मिळणारे चूर्ण म्हणजे मक्याच्या दाण्यातून वेगळे केलेले पिष्ट होय. ते ‘पाण्यात विरघळवून घ्यावे’ अशी सूचना पाककृतींतून सर्रास आढळते. वस्तुतः थंड पाण्यात ते विरघळत नाही. या क्रियेसाठी ‘कालवणे’ हे योग्य क्रियापद मराठीत पूर्वीपासून आहे. दोहोंतील भेद केवळ शब्दांचा नाही, हे दाखविणे हा प्रस्तुत टिपणाचा हेतू आहे.

साखरेचे रेणू पाण्यात सुटे होतात व ते द्रावण कितीही वेळ ठेवले तरी साखर तळाशी बसत नाही. पिष्टाचे कण बहुतांशी 5 ते 20 मायक्रोमीटर व्यासाचे असून थंड पाण्यात ते अखंड राहतात. ढवळणे थांबताच खाली बसू लागतात. म्हणून साखर विरघळते, पिष्ट मात्र कालवावे लागते. पहिले क्रियापद अकर्मक आहे, तर दुसऱ्यास कर्त्याची अपेक्षा आहे. आणि कर्त्याचा हात थांबला की मिश्रणाची ती अवस्थाही टिकत नाही. कुरडयांसाठी काढलेला गव्हाचा चीक ठेवून दिल्यावर वरचे पाणी ‘निवळते’, त्याचे कारणही हेच.

दोन वाट्या पिष्टात सुमारे एक वाटी पाणी घातल्यास निराळाच अनुभव येतो. हे मिश्रण सावकाश ओतता येते. परंतु त्यावर बुक्की मारल्यास ते घन पदार्थाप्रमाणे प्रतिकार करते. जोराच्या आघाताने कणांमधील पाण्याचा पातळ थर दूर सरतो, कण परस्परांस घासून अडकतात. दाब जाताच ते पुन्हा वाहू लागते. यास ‘थिजणे’ म्हणता येणार नाही, कारण त्या क्रियापदात थंडावा गृहीत आहे. येथे तापमान बदलत नाही.

पाण्यासह तापविल्यास सुमारे 62 ते 72 अंश सेल्सिअस या मर्यादेत कण पाणी शोषून फुगतात व मिश्रण दाट होते. आता पिष्ट ‘शिजले’. ते पूर्ववत कणरूपात निवळत नाही. गरम दुधात कोरडे पिष्ट टाकल्यास गोळ्याचा बाहेरील थर आधी शिजतो, आतील भाग कोरडाच राहतो व गुठळ्या होतात. यास्तव ते प्रथम थंड दुधात कालवितात. केवळ तेलात ते कालवता येते, परंतु पाण्याच्या अभावी फुगत नाही. लिंबाचा रस घालून दीर्घकाळ उकळल्यास आम्लामुळे पिष्टाच्या साखळ्या तुटतात व दाटपणा कमी होतो. म्हणून रस शेवटी घालणे इष्ट.

सारांश, विरघळणे, कालवणे, निवळणे व शिजणे ही क्रियापदे चार भिन्न घटनांची नावे आहेत. कालवलेल्या पिष्टास ‘द्रावण’ न म्हणता ‘निलंबन’ म्हणावे, हा शास्त्रीय परिभाषेचा आग्रह घरगुती भाषेने आधीच पाळलेला आहे. शास्त्रीय मराठी लिहिणाऱ्याने सर्वत्र ‘विरघळणे’ योजले, तर हा उपलब्ध भेद विनाकारण नष्ट होईल.