धरणाच्या पाण्यातला पारा: धोका पाण्यात की माशात?

"डॉक्टर, आम्ही धरणाचं पाणी उकळून पितो. मग पाऱ्याची भीती नाही ना?" उकळल्याने जंतू मरतात, पारा जात नाही. मात्र जलाशयाच्या पाण्यात तो सहसा अत्यल्प असतो. खरा प्रश्न असतो त्या पाण्यातल्या माशांचा.

पारा माशात कसा येतो?

कोळसा जाळल्याने हवेत गेलेला पारा पावसाबरोबर जमिनीवर उतरतो व मातीत साठतो. नवे धरण भरले की ही माती आणि झाडेझुडपे बुडून कुजतात. तेथील जिवाणू पाऱ्याचे 'मिथाइल मर्क्युरी' या अधिक विषारी रूपात रूपांतर करतात. सूक्ष्म जीवांकडून ते लहान माशांत आणि त्यांच्याकडून मोठ्या माशांत जाते. प्रत्येक पायरीवर प्रमाण वाढते.

कॅनडातील क्वेबेक प्रांतात ला ग्रांद नदीच्या खोऱ्यात १९७० च्या दशकाअखेरीपासून मोठी धरणे भरली. त्यानंतर माशांतील पारा अनेक पटींनी वाढला. शिकारी माशांत तो पूर्वपदावर यायला साधारण २० ते ३० वर्षे लागली. मासेमारीवर अवलंबून असलेल्या क्री आदिवासींना कोणता मासा किती खावा, हे नव्याने ठरवावे लागले.

कोणाला जास्त धोका?

गर्भातील बाळाला. मिथाइल मर्क्युरी वारेतून बाळापर्यंत पोहोचते आणि वाढत्या मेंदूला इजा करू शकते. आईला काहीही त्रास नसतानाही हे घडू शकते. लहान मुलांबाबतही काळजी घ्यावी.

लक्षणे कोणती?

हातापायांना व ओठांभोवती मुंग्या, चालताना तोल जाणे, बोलताना अडखळणे, बाजूचे कमी दिसणे. मात्र आपल्याकडे मुंग्यांमागे मधुमेह किंवा बी-१२ ची कमतरता असण्याची शक्यता कितीतरी जास्त असते, म्हणून आधी त्या तपासण्या कराव्यात. शंका उरल्यास रक्तातील पारा तपासता येतो.

काय करावे?

• मासे बंद करू नका. त्यातील प्रथिने व ओमेगा-३ बाळालाही हवीच असतात.
• लहान मासे निवडा: मांदेली, तारली, बांगडा. गोड्या पाण्यातले रोहू, कटला चालतात.
• गरोदर व स्तनपान देणाऱ्या स्त्रियांनी मुशीसारखे मोठे शिकारी मासे टाळावेत. धरणातला मोठा शिवडा किंवा मरळही वारंवार खाऊ नये.
• तळल्याने, शिजवल्याने वा साल काढल्याने पारा कमी होत नाही. तो मांसातच असतो.

जास्त पारा असलेले मासे थांबवले की शरीरातील पारा काही महिन्यांत हळूहळू उतरतो. म्हणून बाळाचा विचार करत असाल, तर ही निवड दिवस राहण्याआधीच सुरू करा.