उसाची ट्रॉली उलाळ का होते?

गळिताचा हंगाम सुरू झाला, की बारामती तालुक्यातल्या कोऱ्हाळे बुद्रुकहून सोमेश्वर कारखान्याकडे उसाच्या ट्रॉल्या निघतात. एका ट्रॅक्टरमागे दोन. शाळेला जाणाऱ्या सायकलीही त्याच रस्त्यावर असतात. अशा वेळी बैलगाडीवाल्यांचा 'उलाळ' हा शब्द आम्हाला आठवतो. ओझे आसामागे जास्त झाले, की गाडी उलाळ होते, जू वर उचलले जाते. दोनचाकी ट्रॉलीचेही तेच.

समजा, भरलेली ट्रॉली ४००० किलोची आहे. जोडणीच्या पिनेपासून आस ३ मीटरवर आणि गुरुत्वमध्य आसाच्या ३० सेंटिमीटर पुढे आहे. तरफेच्या नियमाने पिनेवर ४००० × ०.३ ÷ ३, म्हणजे ४०० किलो भार येतो. त्यामुळे ट्रॅक्टरची मागची चाके जमीन घट्ट धरतात. गुरुत्वमध्य आसामागे तेवढाच सरकला, तर पीन ४०० किलोने वर ओढली जाईल; चाकांची पकड सुटेल, ट्रॉली हेलकावू लागेल. (फार पुढे भरणेही वाईटच, मग ट्रॅक्टरची पुढची चाके हलकी होऊन नीट वळत नाहीत.)

आता तशीच दुसरी ट्रॉली पहिलीच्या आसामागे दीड मीटरवर जोडा. तिचे ४०० किलो तिथे दाबतात आणि पहिलीची दांडी २०० किलोने उचलतात. दोन्ही नीट भरूनही ट्रॅक्टरवर भार निम्माच उरला, ओढायचे वजन मात्र दुप्पट! ट्रॉल्यांना ब्रेक नसतील, तर उतारावर हे आठ टन एकट्या ट्रॅक्टरने थोपवायचे.

वर्गात फूटपट्टीखाली पेन्सिल आडवी ठेवावी, पुढचे टोक बोटाने दाबून धरावे आणि नाणी हळूहळू मागे सरकवावीत. टोक बोटाला कधी ढकलू लागते, ते विद्यार्थ्यांनीच सांगावे.