पैनगंगेकाठी उरलेल्या हिमनदीच्या रेघा

भंडारा जिल्ह्यातील चिखला आणि डोंगरी बुजुर्ग येथील मँगनीज ज्या खडकांत सापडते, ते खडक सुमारे ३० कोटी वर्षांपूर्वीच्या महान हिमयुगाच्याही कितीतरी आधीचे आहेत. त्या हिमयुगाचा विदर्भातील सर्वांत बोलका पुरावा पाहायचा तर वैनगंगेचे खोरे सोडून, तिला पुढे मिळणाऱ्या वर्धेच्या खोऱ्यात उतरावे लागते. तेथे चंद्रपूरच्या पश्चिमेकडे, पैनगंगेच्या काठी इरई हे गाव आहे. चंद्रपूर शहराजवळून वाहणारी इरई नदी ती वेगळी.

भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचे फ्रान्सिस फेडन यांनी या गावाजवळ चुनखडीचा घासून गुळगुळीत झालेला आणि एकाच दिशेने गेलेल्या रेघांनी ओरखडलेला पृष्ठभाग पाहिला आणि १८७५ मध्ये त्याविषयी निबंध प्रसिद्ध केला. हिमनदी, म्हणजे स्वतःच्याच भाराने सरकणारा बर्फाचा प्रचंड थर, आपल्या तळात रुतलेले दगड सोबत ओढत नेते आणि कानस लोखंडावर फिरावी तसे ते दगड खालच्या खडकावर घासले जाऊन अशा रेघा उमटतात. बर्फ वितळला की वाहून आणलेला माल जागीच पडतो. पाणी आपला गाळ वाळू वेगळी, चिखल वेगळा असा निवडून टाकते. बर्फाला ती निवड ठाऊक नसल्याने बारीक मातीत लहान गोट्यांपासून मोठ्या धोंड्यांपर्यंत सारे एकत्र सापडते. ओडिशातील तालचेरवरून ‘तालचीर’ म्हटला जाणारा हा धोंड्यांचा थर इरईच्या चुनखडीवर विसावलेला आहे.

त्या काळी भारत, अंटार्क्टिका, ऑस्ट्रेलिया आणि आफ्रिका हे भूभाग गोंडवन या एकाच महाखंडात दक्षिण ध्रुवाच्या बाजूला होते. विदर्भाच्या पूर्व भागात आजही राहणाऱ्या गोंड समाजाच्या प्रदेशावरून आलेले हे नाव जगभरच्या भूविज्ञानाने स्वीकारले, ही बाब येथील शाळांत आवर्जून शिकवली गेली पाहिजे. हवामान उबदार झाल्यावर याच थरांच्या वर वनस्पती साठत गेल्या आणि त्यांतून चंद्रपूर व उमरेडचा दगडी कोळसा बनला.

छत्तीसगडमधील मनेंद्रगड येथे हसदेव नदीकाठचे तालचीर काळातील सागरी जीवाश्म राष्ट्रीय भूवैज्ञानिक स्मारक म्हणून जपले गेले आहेत. इरईच्या रेघांचे मोल त्याहून कमी नाही. उलट त्यांना धोका अधिक, कारण पैनगंगा परिसरातील चुनखडी हा सिमेंटचा कच्चा माल असल्याने तेथे मोठ्या खाणी चालतात. काही मीटर चुनखडी वाचवल्याने सिमेंट कमी पडणार नाही. म्हणून जिल्हा प्रशासनाने आणि सर्वेक्षणाने हा पृष्ठभाग नकाशावर नोंदवून, त्याभोवती कुंपण घालून, खाणपट्ट्यांतून तो कायमचा वगळावा.