‘ग्रेड’ : पायरी की मजला?

विद्यालयाच्या प्रगतिपत्रकात, नोकरीच्या जाहिरातीत आणि नागपुरी संत्र्यांच्या प्रतवारीतही ‘ग्रेड’ हा शब्द आढळतो. दर्जा, श्रेणी, प्रत असे त्याचे अर्थ आपण करतो. त्याचे मूळ मात्र लॅटिन ‘ग्रादुस’ या शब्दात आहे. ग्रादुस म्हणजे पाऊल अथवा पायरी. चालणे या अर्थाच्या क्रियापदाशी त्याचे नाते आहे. ‘डिग्री’ आणि ‘ग्रॅज्युएट’ हे शब्द याच कुळातले. आपल्या ‘पदवी’ या शब्दाचाही संस्कृतातील एक अर्थ वाट, मार्ग असा आहे. या सर्व शब्दांत चालणारा माणूस गृहीत धरलेला आहे.

चालण्याची मुभाच नसेल तर काय होते? डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी जातिव्यवस्थेस ‘ग्रेडेड इनइक्वॅलिटी’, म्हणजे श्रेणीबद्ध विषमता, असे नाव दिले. 31 जानेवारी 1920 रोजी निघालेल्या ‘मूकनायक’च्या पहिल्या अंकात त्यांनी हिंदू समाजाला अनेक मजली मनोऱ्याची उपमा दिली होती. या मनोऱ्याला शिडी नाही. ज्याने ज्या मजल्यावर जन्मावे, त्याने त्याच मजल्यावर मरावे. येथे दर्जा आहे, पण पायरी नाही. शिवाय वरच्यांचा अन्याय सोसणाराही आपल्या खालच्या मजल्याकडे तुच्छतेने पाहतो, म्हणून सर्वांनी मिळून ही व्यवस्था मोडणे कठीण जाते.

भगवान बुद्धांच्या संघातही क्रम होता. तो उपसंपदेच्या ज्येष्ठतेवरून ठरे. शाक्य राजकुमारांनी उपाली न्हाव्यास आपल्या आधी प्रव्रज्या द्यावी अशी विनंती केली. त्याला वंदन करावे लागले म्हणजे आपला कुलाभिमान गळून पडेल, हा त्यांचा हेतू होता. 14 ऑक्टोबर 1956 रोजी नागपुरात बाबासाहेबांनी आपल्या अनुयायांना दिलेल्या बावीस प्रतिज्ञांतही सर्व माणसे समान असल्याची ग्वाही आहे.

आपल्या वसतिगृहातील अनेक विद्यार्थी घरातले पहिलेच शिकणारे आहेत. त्यांनी ‘ग्रेड’चा मूळ अर्थ ध्यानी ठेवावा. ‘क’ श्रेणी मिळाली, तर आज आपण कोणत्या पायरीवर उभे आहोत एवढेच ती सांगते. आपली योग्यता ती ठरवीत नाही. आणि ‘अ’ श्रेणी मिळालेल्याने एक पायरी खाली उतरून सोबत्याचे गणित समजावून द्यावे. मनोऱ्याला जिना असाच बांधला जातो.