यकृतातली गाठ ‘काढता येत नाही’ म्हणजे काय?

‘यकृतात गाठ आहे, काढता येणार नाही’ असं कळलं की घरचे रिपोर्ट पिशवीत घालून परत येतात, आणि झाडपाल्याला पैसे जातात. आमच्या बैठकीतही हे ऐकू येतं, म्हणून आज त्यावर बोलू.

मटणात आपण कलेजी म्हणतो तेच यकृत. उजव्या बरगडीखाली असतं, आणि कापलं तरी पुन्हा वाढतं. निरोगी माणसाचा पाऊण भाग काढला तरी उरलेला पाव भाग बहुतेक वेळा काम सांभाळतो. दारूने किंवा काविळीच्या जुन्या विषाणूने यकृत आधीच कडक झालं असेल, तर मात्र जवळजवळ निम्मं ठेवावं लागतं. अडचण गाठीच्या आकारापेक्षा इथे जास्त असते: मागे उरणार किती?

उरणारा भाग कमी पडत असेल तर तो आधी वाढवतात. आपण पाटाचं पाणी देताना एका वाफ्याचं दारं बुजवलं की पाणी शेजारच्या वाफ्यात जातं ना, तसंच. आतड्याकडून यकृतात रक्त नेणाऱ्या शिरेची गाठीच्या बाजूची फांदी सुईवाटे बंद करतात. सगळं रक्त चांगल्या बाजूला वळतं, ती साधारण चार ते सहा आठवड्यांत वाढते, मग ऑपरेशन. ही पद्धत 1980च्या दशकात जपानी सर्जनांनी रुळवली.

दुसरी भीती रक्तस्रावाची. 1908 साली प्रिंगल नावाच्या सर्जनने यकृतात जाणाऱ्या रक्तवाहिन्या चिमट्यात धरून ठेवायची युक्ती सांगितली. आजही साधारण 15 मिनिटं दाबून 5 मिनिटं सोडतात. जर्मनीत हॅनोवरला 1988मध्ये तर यकृत बाहेर काढून, गाठ कापून, परत बसवलं होतं! अर्थात ते फार जोखमीचं, क्वचितच करतात.

‘चाकू लागला की कॅन्सर पसरतो’ हे आम्हाला पटत नाही. गाठ पूर्ण निघण्यासारखी असेल तर बरं होण्याची सर्वात चांगली संधी बहुधा ऑपरेशनमध्येच असते. पण आजार शरीरभर पसरला असेल तर ऑपरेशनचा उपयोग सहसा नसतो, हेही खरं.

म्हणून एका डॉक्टरने नाही म्हटलं तर यकृताची ऑपरेशनं नेहमी करणाऱ्या मोठ्या रुग्णालयात एकदा दाखवा. सीटी स्कॅनचा नुसता कागद नेऊ नका, फिल्म किंवा सीडीही न्या. रेशनकार्ड आणि आधार सोबत ठेवा. महात्मा फुले योजनेच्या रुग्णालयात आरोग्यमित्र बसतात, खर्चाचं आधी त्यांना विचारा, कर्जाचा अर्ज त्यानंतर.