ओंकारजप : गैरसमज आणि वस्तुस्थिती

एखाद्या साधनेची कीर्ती तिच्या अभ्यासाहून अधिक वेगाने पसरली, म्हणजे तिच्याभोवती आख्यायिकांची जी दाटी होते, तिच्यातून ओंकारजपही सुटलेला नाही. म्हणून या साधनेविषयी ज्याला खरी आस्था आहे, त्याने मूळ ग्रंथ आणि प्रत्यक्ष निरीक्षणे यांच्या आधारे प्रचलित समजुतींची खातरजमा करून घेणे अगत्याचे आहे.

गैरसमज : स्वर जितका मोठा, तितका जप प्रभावी.

वस्तुस्थिती : परंपरेने जपाचे वाचिक, उपांशु आणि मानस असे तीन प्रकार मानले आहेत. पहिला इतरांना स्पष्ट ऐकू येतो, दुसऱ्यात केवळ ओठ हलतात आणि तिसरा मनातच चालतो. मनुस्मृतीच्या दुसऱ्या अध्यायात विधियज्ञाहून जपयज्ञ दसपट, उपांशु शतपट आणि मानस सहस्रपट श्रेष्ठ ठरविला आहे. नवशिक्याचे चित्त स्थिरावण्यास उघड उच्चार साहाय्यक होतो, हे खरे. परंतु साधनेची दिशा घोषाकडून मौनाकडे जाते.

गैरसमज : अर्थाकडे लक्ष नसले तरी चालते, ठरलेली संख्या भरली की फळ मिळते.

वस्तुस्थिती : पतंजलींनी समाधिपादात प्रणवाला, म्हणजे ओंकाराला, ईश्वराचा वाचक म्हटले आणि लगेच पुढच्या सूत्रात जपाच्या जोडीला अर्थाची भावना सांगितली. या अभ्यासाने दृष्टी अंतर्मुख होते आणि व्याधी, संशय, प्रमाद, आलस्य आदी नऊ अंतराय दूर होतात, एवढेच फळ त्यांनी मुक्रर केले आहे. धनप्राप्तीचा किंवा सिद्धीचा तेथे उल्लेखही नाही. अवघ्या बारा मंत्रांच्या मांडूक्योपनिषदाने अ, उ आणि म् या मात्रांशी जागृती, स्वप्न आणि सुषुप्ती यांची सांगड घालून चौथी अवस्था मात्रारहित मानली आहे. त्यामुळे उच्चार विरल्यानंतरची शांतता हाही जपाचाच भाग होय. जपमाळेचे १०८ मणी अभ्यासाला शिस्त लावतात, पण जपाचा हिशेब म्हणजे जप नव्हे.

गैरसमज : सूर्यातून निघणारा ओंकारध्वनी 'नासा'ने ध्वनिमुद्रित केला आहे.

वस्तुस्थिती : ध्वनीला माध्यम लागते आणि सूर्य व पृथ्वी यांमधील अवकाश जवळजवळ निर्वात आहे. १९९५ साली सोडलेल्या 'सोहो' यानाने सूर्यपृष्ठाची सुमारे पाच मिनिटांच्या आवर्तनाची आंदोलने प्रकाशाच्या साहाय्याने मोजली आणि शास्त्रज्ञांनी ती हजारो पटींनी वेगवान करून कानांना ऐकू येतील अशी केली. तो गुंजारव म्हणजे ओंकार नव्हे. आणि उपनिषदांच्या चिंतनाला अशा उसन्या सनदेची गरजही नाही.

गैरसमज : नित्य जप करणाऱ्याला औषधोपचारांची आवश्यकता उरत नाही.

वस्तुस्थिती : लुचियानो बेर्नार्दी व त्यांच्या सहकाऱ्यांनी २३ निरोगी व्यक्तींवर केलेला अभ्यास २००१ साली 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये प्रसिद्ध झाला. 'ॐ मणिपद्मे हूँ' या मंत्राने श्वासाची गती मिनिटाला सुमारे सहावर आली आणि रक्तदाबाचे नियमन करणाऱ्या प्रतिक्षेपाची संवेदनशीलता वाढली. मात्र लॅटिन जपमाळप्रार्थनेनेही तोच परिणाम दिसला. यावरून श्वासाच्या संथ लयीचे महत्त्व सिद्ध होते, रोगनिवारणाचा निर्वाळा मिळत नाही.

तेव्हा औषध वैद्याच्या सल्ल्याने चालू ठेवावे, नियत वेळी स्वस्थ बसून दीर्घ उच्छ्वासाबरोबर प्रणवाचा उच्चार करावा, अर्थाचे अनुसंधान सुटू देऊ नये आणि शास्त्राने दिलेले चित्तस्थैर्याचे आश्वासन पुरेसे मोठे आहे, हे ओळखून त्यात आपल्या पदरची भर घालू नये.